धूर दिसला की यायचं

आबा, तुमच्या भरीत पार्टीपायी माझं जमत आलेलं लग्न मोडलं, हे आधीच सांगतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, एक गेलं तर दुसरं पाहू. तुम्हाला सगळंच सोपं वाटायचं.

कुस्त्यांचे फड, लोकांच्या सोयरिकी आणि हिवाळ्यातलं भरीत, यांचा नाद तुम्हाला शेवटपर्यंत होता. फडाला मी कधी आलो नाही. भरताला यावंच लागायचं, कारण ते आपल्याच शेतात असायचं. अजून दिसतं. बांधाशी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या आहेत, तुम्ही वांगी उलटताय, लेंगा राखेनं भरलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला लांबूनच हाक मारताय. मी कांद्याची पात चिरतोय, सगळे तुकडे एकसारखे. तुम्ही माझ्या मागे येऊन थांबता. "मापानं काय चिरतो रे? लोकं खायला आलीत, तपासायला नाही." सगळे हसतात. तुम्ही ते गोड हसत म्हणायचे, म्हणून कोणाला ते बोचरं वाटत नसे. मला वाटायचं. पार्टीतच तुम्ही मुलाकडच्यांना आणि मुलीकडच्यांना समोरासमोर बसवायचे आणि मुलगा कोणाच्या पानात आधी वाढतो ते बघायचे. अर्ध्या अमळनेर तालुक्याचे संसार तुम्ही असे उभे केले. माझ्या वेळेपर्यंत मात्र थांबला नाहीत.

यंदा नानाकाकांनी परस्पर ठरवलं. धुळ्याचे पाहुणे मुलीला घेऊन येणार होते. नाना म्हणाले, घरात चहा-पोहे नकोत, भाऊच्या पद्धतीनं शेतात बसवू, मुलाचा गोतावळा त्यांना दिसू दे. मी रोज जाऊन-येऊन जळगावात स्पेअर पार्टच्या दुकानात नोकरी करतो, बारावी अर्धी सोडलेली, तेव्हा दाखवण्यासारखा गोतावळाच होता, हे मलाही पटलं. मी रजा काढली. बामणोदची वांगी आणली. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळलं. काही चुकायला नको म्हणून तुमच्या सगळ्या माणसांना मी स्वतः फोन केले, नावानिशी, नीट आमंत्रण दिलं, वेळ सांगितली. सगळे हो म्हणाले.

कोणी आलं नाही. नाना, काकू आणि शेजारच्या शेतातले एक म्हातारे बाबा, एवढेच. पाहुणे सतरंजीवर बसून रस्त्याकडे बघत होते. मुलीच्या वडिलांनी दोनदा विचारलं, बाकीची मंडळी मागून येताहेत का. मी भरीत ठेचत राहिलो. पाहुणे हात धुवायला विहिरीकडे गेले तेव्हा बाबा माझ्याजवळ सरकले. "तुना बापनी कधी कोणले आमंत्रण दिधं? धूर दिसना का बठ्ठा येत." मग त्यांनी समजावून सांगितलं, धूर दिसला की सगळे आपणहून यायचे. बोलावतात ते परक्याला. ज्याला कधी बोलवावं लागलं नाही त्याला फोन गेला, वेळ देऊन, आणि लोकांना वाटलं, आबांच्या पोरानं आपल्याला पाहुण्यांत काढलं. आबा, हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाही. पात कशी चिरू नये ते चारचौघांत सांगितलंत.

जेवणं झाल्यावर मुलीला आणि मला बोलायला बांधापर्यंत पाठवलं. ती फार हळू बोलते. तिनं विचारलं, "तुमच्याकडे नेहमी खूप माणसं असतात म्हणे. तुम्हाला आवडतं?"

मी म्हणालो, "आवडतं." आणि थांबलो नाही. घर कसं भरलेलं असतं, कोण कधी येऊन जेवून जातं, चूल कशी विझत नाही, सगळं तुमच्या थाटात सांगितलं. ती मान हलवत राहिली.

काल धुळ्याहून नानांना निरोप आला. मुलगा चांगला आहे, स्वच्छ आहे, नोकरीबद्दलही काही म्हणणं नाही. पण मुलगी म्हणते, एवढ्या माणसांच्या राबत्यात तिला जमणार नाही, तिला शांत घर हवंय. नाना चिडले आहेत. रिकामं शेत डोळ्यांनी पाहून गेले आणि गर्दीचं कारण देतात, असं ते सगळ्यांना सांगत फिरतात. बांधावर मी तिला काय काय सांगितलं, ते खरं कारण मी त्यांना सांगितलेलं नाही.

आपल्या घरात आता आई आणि मीच. संध्याकाळी आई टीव्ही लावते आणि आवाज बारीक ठेवते. मी जेवतो, तीही जेवते, कोणी येत नाही, आणि मला ते बरं वाटतं. माणसं मला आवडत नाहीत असं नाही. एका वेळी एक-दोन आवडतात. हे तुम्ही असताना तुम्हाला सांगायची माझी छाती झाली नाही. त्या मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. तिला हेच सांगायचं आहे, म्हणून आधी तुम्हाला लिहून पाहिलं. तुमच्यापर्यंत हे पोहोचणार नाही, म्हणूनच जमलं.