आमच्या नातीचा झोपमोडीचा धंदा

तीर्थस्वरूप ताईला धाकटीचा वाकून नमस्कार (वाकते आहे ती मनातल्या मनात, गुडघ्यांना हे कळवलेलं नाही).

तुझं पाकीट पोचलं. तिकीट होतं, पत्ता होता, आत पत्र मात्र नव्हतं. धाकटीला वाचता येत नाही म्हणून ताईने कागद वाचवला, असं मी घरात सांगितलं. पण तुझा विसरभोळेपणा आता पोस्टमनलासुद्धा पाठ झाला आहे. तुझी कंबर, तुझ्या मधमाश्या आणि आमचे भावजी, सगळ्यांची खुशाली कळव. या वेळी पत्र आत घालून.

पत्र नात लिहिते आहे. स्वतःचं कौतुक स्वतःच्या हाताने लिहायला लाजते, म्हणून दर वाक्याला मला "लिहिलंस का?" असं विचारावं लागतं. (हेही लिही.) तर ही एवढं शिकून लोकांची झोप मोडायचा धंदा करते. आग लागली की केकाटणारी डबी असते ना छताला, ती म्हाताऱ्या माणसांना झोपेत ऐकू येते का, हा तिचा अभ्यास. ती म्हणते, वय झालं की कानातून आधी बारीक आवाज जातात, जाड मागे राहतात. तिचे साहेब म्हणाले, आवाज मोठा करा, झालं! शेजारच्या वृद्धाश्रमात नव्या डब्या लागायच्या होत्या. साहेबांचंच चाललं आणि खरोखर आग लागली, तर तिथले सगळे अंथरुणातच राहतील, या काळजीने पोर भरल्या ताटावरून उठायची. म्हटलं, आण तुझ्या साहेबाला दुपारी. माझ्याइतकं मन लावून झोपणारं माणूस तुला कुठे मिळणार?

साहेब आले, मी झोपले. जुनी, बारीक आवाजाची डबी मोठ्यात मोठ्या आवाजात वाजली म्हणतात. खालचा शिंपी एका बाहीचा शर्ट घेऊन रस्त्यावर, मागून त्या शर्टाचा मालक बनियनवर. समोरची दातांची डॉक्टरीण पकडीसकट बाहेर, तिचा पेशंट आ वासून तिच्या मागे. आणि मी घोरते आहे! साहेब म्हणाले, आजी सोंग करतात. (झोपेत असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही, याची हळहळ अजून आहे.) मग नातीने तिची जाड आवाजाची डबी लावली. घोंऽऽ घोंऽऽ. ताई, मी ताडकन उठले, कवळी पेल्यातच सोडली आणि दाराकडे धावत ओरडले, "आले गं ताई, मारू नकोस!"

साहेब हसून हसून खुर्चीत बसले, पण उठले ते नातीची डबी मंजूर करूनच. वृद्धाश्रमात आता तीच लागणार. तेव्हापासून मी दारात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, लोकांच्या नाती आजीला अंगाई म्हणतात, माझी आजीला खडबडून उठवते! शिंपी आता मला बघून पलीकडच्या बाजूने जातो. जाऊ दे, त्याला पाठ झालं आहे.

भावजींना नमस्कार. खाली माझा अंगठा आहे, तो चिकट का आहे ते पुढे कळेल.

ता. क. डबीने वाजून झाल्यावर "उठा, बाहेर पडा" असं बोलायचं आहे. साहेबांनी एक गोड गळ्याची बाई आणली. तिच्या आवाजाने मला आणखी गाढ झोप लागली. तेव्हा ताई, तू ये. फोनवर लोक तुला अजून "काका" म्हणतात, तोच आवाज हवा आहे. आजवर त्याला हसले ते सगळे आता त्याच्या हुकमाने उठतील.

ता. क. (नातीकडून) आजीचं म्हणणं आहे की तिचे कान ठणठणीत आहेत. हे वाक्य मी तिला बारीक आवाजात वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नको, चहा आत्ताच झाला."

ता. क. मधाची बरणी संपली, मी ती अंगठ्याने पुसून घेतली. येताना दोन भरून आण. विसरशील म्हणून आधीच पाठव. आणि तू त्यातला थेंबही चाटू नकोस. घसा साफ झाला तर नातीची सगळी मेहनत पाण्यात जाईल.