चालू कॉम्प्युटरले लावलेली वायर

कारंजा लाड,
११ नोव्हेंबर

ति. दौलतराव मामास, अश्वजितचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमाले फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहून राह्यलो. इकडं सगळे बरे. आईचे गुडघे दुखतात, पण माझ्या कॉलेज सोडण्यावर बोलायले तिले गुडघे लागत नाहीत.

काम असं, की तुमी मले ज्या वजनकाट्यावर लावून दिलं तिथला कॉम्प्युटर बिघडला. प्रिंटर तोच जुना, टर्रर्र वाजणारा. तीन प्रतींची कार्बनची पावती दुसऱ्या कशावर निघत नाही. एकच प्रिंटर, म्हणून काट्याच्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरले तो आळीपाळीनं लावावा लागतो. पावत्या काढणारी सुचिता दर वेळी दोन्हीकडचं बंद करते, मगच वायर बदलते. बाहेर सोयाबीनचे ट्रॅक्टर खोळंबतात, ड्रायव्हर कुरकुरतात, तरी. गुरुवारी कोणीतरी चालू कॉम्प्युटरलेच वायर लावली आणि मागचं वायर खोचायचं पोर्ट जळलं. खुर्चीत सुचिता होती, म्हणून मालक शालिग्रामभाऊंनी तिलेच घरी बसवलं. नोकरी आहे तोवर लग्नाचं नाव काढणार नाही, असं तिच्या बाबांनी कबूल केलं होतं. आता मानोऱ्याचं स्थळ पुन्हा घरी येऊन बसलं.

तुमी अकोल्यात वीस वर्षं हेच प्रिंटर दुरुस्त केले. एवढंच लिहून द्या, की चालू मशीनले वायर लावल्यानं काही जळत नाही, मशीनच म्हातारी झाली होती. तुमचा शब्द भाऊ मोडत नाहीत.

मामीले जयभीम. उत्तराकडं डोळे लावून आहे.

तुमचा भाचा,
अश्वजित


आसेगाव,
१४ नोव्हेंबर

चि. अश्वजितास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामी म्हणते, पोरगं कामापुरतं का होईना, आठवण काढते.

तू मागितलेला कागद मी देणार नाही. काहून, ते वाच. आजकालच्या प्रिंटरची बारीक वायर चालूमध्ये लावली तरी चालते, ती त्यासाठीच बनवली आहे. तिच्यात अर्थिंग आधी जुळते, बाकीचं मागून. आपल्या जुन्या रुंद पिनेत तसं काही नाही. पंचवीस काड्या, कोणती आधी टेकेल याचा नेम नाही. त्यात तुमच्या काट्याची अर्थिंग वेगळी आणि ऑफिसची वेगळी असेल, तर मधला सगळा फरक त्या नखाएवढ्या चिपमधून जातो. मी स्वतः घाईत शेकडो वेळा चालूमध्ये लावली असेल. चारदा जळलं. बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणूनच लोक लावतात. ज्या दिवशी होते, त्या दिवशी धूर नाही, वास नाही. नुसतं मुकं होते.

म्हणजे ती पोरगी करत होती तेच बरोबर होतं. हे मी शालिग्रामले लिहून द्यायले तयार आहे.

आता एक विचारतो. तुझ्या पत्रात ड्रायव्हर आहेत, शालिग्राम आहे, तिचे बाबा आहेत. तो "कोणीतरी" कोण?

मामीचे आशीर्वाद. जेवत जा.

दौलतराव


कारंजा,
१८ नोव्हेंबर

ति. मामास सा. जयभीम.

तो मी.

त्या दिवशी सकाळी तिले चिठ्ठी दिली होती. तिनं न उघडता टेबलावर परत ठेवली. डोकं फिरलं. ती डबा खायले मागं गेली तेव्हा ऑफिसकडून प्रिंटर परत आणला आणि दोन्हीकडचं चालू असतानाच वायर खुपसली. हिची ही बंद-चालूची नाटकं फुकटची आहेत, हे मले दाखवायचं होतं. काहीच झालं नाही. ती येऊन बसली, आणि पहिलीच पावती निघाली नाही.

भाऊ तिच्यावर ओरडत होते तेव्हा मी दारात उभा होतो. प्राचार्यांच्या तोंडावर पुस्तक फेकून आलेला मी, तिथं तोंड उघडलं नाही. आता राग येत नाही. जेवण समोर येते आणि तसंच जाते. सांगितलं तर नोकरी जाईल, आणि तिले कळेल.

काय करू ते लिहा.

अश्वजित


आसेगाव,
२१ नोव्हेंबर

चि. अश्वजितास आशीर्वाद.

तिले कळेल, याची काळजी तू करून राह्यला. तिचं काय होईल, याची कर. पत्र हातात पडलं की उठून शालिग्रामकडं जा. मशीनची चिंता नको. वेगळं पोर्टाचं कार्ड आत बसवता येते, माझ्या पेटीत एक पडून आहे, सोबत पाठवतो. बसवताना स्विच बंद कर.

तुझाच,
मामा


कारंजा,
२७ नोव्हेंबर

ति. मामास सा. जयभीम.

पत्र शनिवारी मिळालं. त्या दिवशी हिंमत झाली नाही. रविवारी काटा बंद. सोमवारी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, की मशीन जळल्याचं दुःख नाही, तू त्या पोरीले माझ्या तोंडून बोल ऐकवले. मले काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं. कार्ड बसवलं, चालते.

निरोप गेला तशी काल सुचिता आली. भाऊंनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि तिले खुर्चीवर बसायले सांगितलं. ती बसली नाही. रविवारी तिचा साखरपुडा झाला म्हणे, मानोऱ्याचाच. त्या लोकांना नोकरी चालत नाही.

मी माफी मागायले तिच्यामागं बाहेर गेलो. मी केलं, असं सांगायले लागलो, तर तिनं मधेच थांबवलं. म्हणाली, "मले पहिल्या दिवशीच माहीत होतं. मी लावली नव्हती, म्हणजे तूच. दोघंच तर होतो आपण."

मग बोलली काहून नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "माझं तिथं कोण ऐकत होतं? तू बोलशील म्हणून अठरा दिवस वाट पाहिली. बाबांनाही मी रोज, आजचा दिवस थांबा, म्हणत होते."

ती ओरडली असती तर मीही काही बोललो असतो, ते मले येते. ती नुसती चप्पल घालून गेली. काट्यावर ट्रॅक्टर चढला होता. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो आणि पावती काढली.

मामीले जयभीम. रागवा, पण पत्र बंद करू नका.

अश्वजित