चाळीस निळे-काळे तुकडे

डिलाईल रोड,
रविवार, दुपार

चि. स्पृहास जयवंतकाकाचे आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, म्हणून मी जास्त करून उतरतो. झांबियात जेवणाचं कसं चाललंय ते नीट लिही (फोनवर तू 'ठीक' म्हणतेस, ते मी धरत नाही).

तुझे चाळीस तुकडे तयार आहेत. प्रत्येक अर्धा निळा, अर्धा काळा, सगळे सुती. तुझा सहकारी पुष्कर आज रात्री निघतोय, त्याच्याकडे देतो. पण मध्ये काय झालं ते ऐक. पहिले चाळीस मंगळवारीच शिवून आले होते. घड्या घालताना काकूने विचारलं, हे कशाला? मी तुझंच सगळं सांगितलं. तिकडे त्सेत्से माशी असते, ती चावून गुरं खंगतात, माणसाला झोपेचा रोग होतो. तिला निळं-काळं आवडतं, म्हणून औषध लावलेलं कापड टांगायचं. ती बसते आणि उडून जाते, मरत नाही. पण ती एका वेळी एकच पिल्लू पोटात वाढवते (दूधही आतच पाजते), आणि त्या औषधामुळे पिल्लू कोशातच संपतं, त्याची माशी होत नाही. मी गिरणीच्या साचेखात्यात अठरा वर्षं कापड विणलं, पण कापडाचा हा उपयोग कधी ऐकला नव्हता.

काकूने कपाळाला हात लावला. "मारूचा तर सरळ मारा. पोटुशीच्या वाटेक कित्याक जातास?" मी गुरांचं पुन्हा सांगितलं, तेव्हा तिला गावची कपिला गाय आठवली आणि ती विरघळली. तिथेच घात झाला. मी दूध आणायला खाली गेलो. नवं कापड हळदकुंकवाशिवाय आपल्या घरातून बाहेर जात नाही. तिने चाळीसच्या चाळीस काळ्या भागांवर बोट टेकवलं (एकही सुटला नाही, मी तपासलं). तुला फोन केला तर तू म्हणालीस, पिवळ्याकडे माशी फिरकत नाही, ठिपकाही चालणार नाही, आणि तुकडे वेळेत आले नाहीत तर तुझं वर्षाचं काम वाया. तुझा आवाज ऐकून मला भयंकर वाईट वाटलं. हळद धुऊन निघेना. निळं उसवून ठेवलं आणि लोअर परळपासून दादरपर्यंत काळं सुती शोधत फिरलो. जिथे तिथे पॉलिएस्टर. शेवटी एका ठिकाणी मिळालं. दाट वीण, पक्का रंग. शिंप्याने काल दिवसभर बसून शिवलं. तेव्हा तू निर्धास्त राहा.

तुझा,
जयवंतकाका

ता. क. ते ठिकाण म्हणजे आमचं कपाट. काकूची पहिल्या संक्रांतीची काळी साडी, एक्याऐंशी सालची, माझ्याच साच्यावर निघालेली. कापली मीच. तिला अजून माहीत नाही, आणि संक्रांत महिन्यावर आली. तू फोन करून सांग की साडी तूच मागितलीस. तुझ्यावर ती रागवत नाही.

ता. क. दुसरा (काकूकडून). पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं. मला शुक्रवारीच कळलं होतं. रडले. पण त्या दिवसापासून हे न सांगता भांडी घासतायत, म्हणून गप्प आहे. साडी गुरांच्या कामी येतेय, येऊ दे. हळदकुंकू या खेपेला पिशवीला लावलंय, कापडाला नाही. फोन मात्र संक्रांत झाल्यावरच कर.