ओट्यावरची मराठी

प्रिय रुचिरा,

आणि वर मलाच सांगतेस, दादा, ती गोष्ट आहे, गोष्ट म्हणून वाच. कशी वाचू? तू लिहिलेल्या गोष्टीतल्या म्हातारीचं नाव अन्नपूर्णाबाई, राहते चेन्नईजवळ तांबरमला, तिच्या माडीवर एक मराठी पोरगा भाड्यानं राहतो आणि इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांच्या पार्टच्या कडा घासतो. निदान नाव तरी बदलायचंस. तर म्हणे नाव बदललं की गोष्टीतला जीव जातो, असं आमच्या कॉलेजातल्या बाई म्हणतात. तुझ्या बाईंचं काय जातंय? रोज जिना उतरून त्या म्हातारीसमोरून मला जावं लागतं.

खोली मिळाली तेव्हा तू किती हसली होतीस. भाडं कमी, पण अट अशी की रात्रीचं जेवण झालं की पुढच्या ओट्यावर बसून आजींशी मराठी बोलायचं. त्यांची माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी तंजावरला आली ती इकडचीच झाली. आजोबा गेल्यावर घरात मराठीला मराठीत उत्तर देणारं कोणी उरलं नाही. मुलगा बालाजीराव तमिळमध्ये बोलतो, नात सौम्या इंग्रजीत. आजींची मराठी निम्मी कीर्तनातली, निम्मी तमिळ. सुरुवातीला मी नुसती मान हलवायचो, मग लागली गोडी. मला आठवीच्या बाकावर कोणी बसवू शकलं नाही. हडपसर झालं, होसूर झालं, कुठे वर्षभर टिकलो नाही. या ओट्यावर मात्र टिकलो.

आणि रविवारी तुझा फोन. आधी तुझं कॉलेज. कँटीनमागच्या कट्ट्यावरचं तुमचं वाचन, कोणाच्या कवितेवर कोण रुसलं, पंचविशीच्या आत पुस्तक काढायचं. आणि मग ठरलेलं, आजी काय म्हणाल्या रे? कंपनीच्या बसमध्ये मी त्यांचे शब्द आठवून आठवून ठेवायचो, रुचीला सांगायचे म्हणून. मला वाटायचं, बहिणीला माझ्याशी बोलावंसं वाटतं. शिफ्टमधल्या विजयकुमारला सांगून ठेवलं होतं की माझी बहीण लेखिका होणार. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी तुझं पहिलं पुस्तक तो विकत घेणार आहे.

आजोबांच्या फोटोचं तुला सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, हे तुझ्यापाशी ठेव. दुपारी घरात कोणी नसलं की आजी आजोबांच्या फोटोशी मराठीत बोलतात आणि त्यांच्या वाटचं उत्तरही त्यांच्यासारखा आवाज काढून देतात. त्यांनी हे फक्त मला सांगितलं होतं, तेही लाजत. मी तुला का सांगितलं? अप्पा गेल्यापासून आपली आई खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्याशी बोलते, ते तू पाहिलंयस. म्हटलं, तुला कळेल. तू हं म्हणालीस, आणि त्याचीच गोष्ट करून कॉलेजात दोन्ही आवाज काढून वाचून दाखवलीस. लोक पोट धरून हसले, मग रडले, पहिलं बक्षीस मिळालं, हे तूच सांगितलंस, खुशीत. तुझ्या गोष्टीत आपली आई कुठेच नाही, रुची. ते बरोबर झाकलंस.

वर ती गोष्ट ऑनलाइन टाकून मला टॅग केलंस. सौम्यानं ते पाहिलं, फोनवर भाषांतर केलं आणि वडिलांना वाचून दाखवलं. बालाजीराव वाईट माणूस नाही. घाबरला. दुसऱ्या दिवशी आईला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. तरी फोटो पूजेच्या खोलीतून काढून हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलाय. तिथे दिवसभर कोणी ना कोणी असतं.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. आजी आल्या, ताकाचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, साप्टियाप्पा. जेवलास का, हे त्यांनी मला कायम मराठीत विचारलं होतं. तेव्हापासून माझ्याशी सगळं तमिळमध्ये, तेही दोन शब्द. मी मराठीत काही बोललो की आत निघून जातात. भाडं वाढवलेलं नाही. वाढवलं असतं तर मी भांडून खोली तरी सोडली असती.

तू म्हणतेस, गोष्ट काढून टाकते, आजींना माफीचं पत्र पाठवते. सौम्या ते तमिळमध्ये वाचून दाखवणार आणि त्या मान हलवणार. नको. गोष्ट काढायची तर काढ, ठेवायची तर ठेव, ते तुझं तू बघ. हे पत्र एवढ्यासाठी की दिवाळीच्या सुट्टीत तू इथे यायचंस. फोन वर खोलीत ठेवायचा आणि ओट्यावर आजींजवळ बसायचं. त्या तमिळमध्ये बोलतील, गप्प बसतील, तू मराठीतच बोल. कट्ट्याचं सांग, बाईंचं सांग. आणि मग आई सदऱ्याशी बोलते ते सांग, तिच्या आवाजात, अप्पांच्या आवाजात, कॉलेजात केलंस तसं. तू आजींचं नेलंस, आता आपल्या घरातलं तेवढंच त्यांच्याकडे जाऊ दे. त्या उत्तर देतील की नाही, मला माहीत नाही. मी आईला विचारलंय. ती म्हणाली, त्या बाईला सांगायला हरकत नाही. स्लीपरचं तिकीट काढ, जायचं आणि यायचं. तुझ्या खात्यावर टाकलेत, चौदाशे रुपये.

तुझाच, अजून तरी,
दादा