सगू गाडी आडवी चालवते

चाकण, ७ जानेवारी २०१४

ती. स्व. दत्तूमामांस, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे पत्र. तीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसून कान गेले, पण डोळे शाबूत आहेत ना? मग २६ तारखेला ते घेऊन इकडे या.

आमची ड्रिफ्टिंगची स्पर्धा आहे. यात पहिला कोण आला ते बघतच नाहीत. वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवायची, गाडी आडवी करायची आणि गरकन फिरू न देता तशीच पुढे न्यायची. किती आडवी, किती सफाईने, त्याचे गुण.

गेल्या महिन्यात सरावात माझी गाडी फिरली आणि टायरांच्या भिंतीला लागली. माझं पट्टी बांधलेलं मनगट आईने पाहिलं, तेव्हापासून ती बोलत नाही. गाडी विकल्याशिवाय घरी गडबला पाऊल टाकू नकोस, असा निरोप शेजारच्या विमलबाईंकडून आला. मामा, मला आईही हवी आणि गाडीही. ती तुमचं ऐकते. बघा आणि खरं काय ते तिला सांगा.

लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त लागेल.

तुमची सगू

गडब, १५ जानेवारी

ती. स्व. दादास, इंदूचा शि. सा. न. वि. वि.

वालाला शेंगा धरल्यात. वहिनीला घेऊन मडक्यात भाजलेली पोपटी खायला ये.

सगूने तुला बोलावलंय म्हणे. जा, पण कौतुक करत बसू नकोस, गाडी विकायला लाव. ज्या घसरण्याने वडखळजवळ तिचे बाबा गेले तेच ही हौसेने करते, आणि लोक टाळ्या वाजवतात! मिठाच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो, वर पाऊस. हळू चालवा म्हणून किती वेळा सांगितलं होतं. नऊ वर्षं झाली, अजून मला त्यांचा राग येतो. आता लेकीचाही.

माया कर, पण तिची बाजू घेऊ नकोस.

इंदू

मु. अष्टमी, २९ जानेवारी

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो. सगळे कानांत बोटं घालून बसले होते, मीच तेवढा सुखात. रबराच्या धुराचा वास काही जाईना, तुझ्या वहिनीने सदरा अंगणातच ठेवायला लावला. सगू दुसऱ्या फेरीत हरली.

गाडी विक म्हणायला गेलो होतो, पण म्हणवलं नाही. गाडीचं नाक आमच्याकडे, स्टिअरिंग उलट्या बाजूला आणि पोरीची नजर खिडकीतून जिथे जायचंय तिथे. माझी चाकं घसरली की मी ब्रेकवर उभा राहायचो आणि देवाचं नाव घ्यायचो. भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

हे कशाला करतेस, असं विचारलं. म्हणाली, त्या दिवशी बाबांच्या हातात काय होतं, ते तिला स्वतःच्या हातांनी कळून घ्यायचं होतं. पुढे विचारायचं धाडस मला झालं नाही. ते तू विचार.

पोपटीला येईन तेव्हा मला काय ते बोलून घे.

दत्तूदादा

गडब, १७ फेब्रुवारी

ती. स्व. दादास, शि. सा. न. वि. वि.

विमलबाईला सोबत घेऊन सगूकडे गेले. सरावाचा दिवस होता. माझ्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना, विमलबाई हसून लोटपोट. सगूने मला शेजारी बसवलं आणि गाडी आडवी केली. मी ओरडले, पण डोळे मिटले नाहीत.

गाडी थांबल्यावर विचारलं, की त्यांनी हळू चालवली असती तर वाचले असते का. तिने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, आई, नाय. पंचनाम्यात रस्त्यावर तेल सांडल्याचं होतं, म्हणून तिने जुन्या टेम्पोत वाळूच्या गोण्या भरून, जमीन तशीच निसरडी करून, अगदी हळू चालवून पाहिलं. पन्नास वेळा तरी. एकदाही टेम्पो सावरला नाही. दोन वर्षं तिला हे ठाऊक आहे, पण मी त्या रागाच्याच आधाराने उभी आहे असं वाटून सांगायचा धीर झाला नाही.

येत्या रविवारी ती घरी येतेय. गाडी घेऊनच ये म्हटलं.

दादा, नऊ वर्षं मी त्यांच्यावर रागावून काढली. तो राग त्या दिवशी गेला. आता ते नाहीत, एवढंच उरलंय. लवकर ये.

तुझी इंदू