फोंडा घाटातला उतार

सोलापूर,
१३ जानेवारी २०२५

ती. गौरम्माअक्कास,
श्रीदेवीचा सा. न. व शरणार्थ. वि. वि.

काल घरी हातीपायी धड पोचले. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवते. सायकलवर आम्ही अकरा जण, सहा दिवस. कोल्हापूर, फोंडा घाट उतरून कोकण, आंबोली चढून बेळगाव, विजापूर आणि घर. दाजीपूरच्या जंगलात आम्ही धुक्यातून गेलो, ती सकाळ जन्मात विसरणार नाही. पण अक्का, आता त्या सहलीचं नावही नको वाटतं.

गटात सगळ्यांत वडीलधारे कासीमचाचा, साठीचे. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. आम्हा सगळ्यांच्या सायकली त्यांच्याच हातच्या. घाटाच्या उतारावर आमचा म्होरक्या राजशेखर एका हातानं मोबाइलवर मागच्यांचं चित्रण करत होता. वळणावर त्यानं अचानक ब्रेक दाबला. मागून येणारे चाचा त्याला वाचवायला गेले आणि गटारात आपटले. खांद्याचं हाड मोडलं.

राजशेखर म्हणाला, सामानाचा टेम्पो मागून येतोय, तो यांना घेईल. आज सावंतवाडी गाठली नाही तर उद्याची आंबोली चुकेल. चाचांना चहाच्या टपरीवर बसवलं आणि ते सगळे निघून गेले. टेम्पो मागं नव्हताच, तो केव्हाच खाली जेवणाच्या जागी पोचला होता. जेवताना त्यांनी चाचा पडल्याचं चित्रण पुन्हा पुन्हा लावलं, संथ करून, आणि हसले. हसता हसता एकाच्या नाकातोंडातून सोलकढी आली. किळस आली मला त्या माणसांची. चाचांना शेवटी टपरीवालीनं दुधाच्या गाडीत बसवून दवाखान्यात धाडलं.

इथं गड्ड्याची यात्रा भरलीय, जावंसं वाटत नाही. तब्येत सांभाळ, धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
श्रीदेवी

अक्कलकोट,
१९ जानेवारी २०२५

चि. माझी धाकटी बहीण, तंगी श्रीदेवीस,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं, दोनदा वाचलं. हितं समदी बरी हायेत. तुरी काढून झाल्या. सून म्हणती, कान गेले, आता डोळं तरी राखा, आनि चष्मा लपवून ठेवती. लई गुणाची हाय.

आता येक सांग. जंगल बघताना ‘आम्ही’ लिवलंस. चाचा पडल्यावर ‘ते निघून गेले’, ‘ते हसले’. तवा तू कुटं होतीस गं? कुनाच्या नाकातून काय आलं ते दिसलं, म्हंजी पंगतीला तू बी होतीस की.

रागावू नको. मला ऐकू येत न्हाई, वाचता येतंय.

तुझं भलं चिंतणारी,
अक्का

सोलापूर,
२७ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. व्हय, मी होते.

आम्ही निघालो तेव्हा चाचांनी मला हाक मारली, नाव घेऊन. मी मागं वळून पाहिलं आणि पायडल मारलं. खाली जाऊन भात खाल्ला. हसले नाही, पण ते बंद करा असंही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी आंबोली चढले आणि फोटोत दोन बोटं वर केली. त्यांची किळस आली असं तुला लिहिलं, पण आंघोळ करताना मला माझ्याच अंगाची शिसारी येते.

काल आमचा सत्कार झाला. फलकावर लिहिलं होतं, अकराही जणांनी सफर पूर्ण केली. चाचा आले नव्हते. मी माईक घेतला आणि सगळं सांगितलं, माझ्यासकट. वाटलं, लोक तोंडावर थुंकतील. पण अक्का, टाळ्या पडल्या! राजशेखरनं डोळे पुसले, प्रामाणिकपणाबद्दल मला वेगळी शाल घातली आणि खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. लोक उभे राहून वाजवत होते. मी धावत मागं जाऊन बेसिनमध्ये ओकले. शाल तिथंच टाकून आले.

आता तू काय म्हणशील, याची भीती वाटते. तरी लिही.

तुझी,
श्रीदेवी

अक्कलकोट,
३१ जानेवारी २०२५

चि. श्रीदेवीस,
आशीर्वाद.

शाल टाकलीस, बरं केलंस. पन हॉलभर मानसांना सांगितलंस, ज्येचं हाड मोडलं त्येला सांगितलंस का? त्येच्या घरला तू अजून गेली न्हाईस. गेली असतीस तर पयल्या वळीत लिवलं असतंस.

मला आता पत्र नको. आदी जा, मग लिही. माया हाय म्हनून टोचून बोलती.

अक्का

सोलापूर,
५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल शाळा सुटल्यावर गेले. दार बिस्मिल्लाचाचींनी उघडलं. या म्हणाल्या नाहीत, बाजूला झाल्या. चाचा हात गळ्यात बांधून खाटेवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, तुमची हाक मी ऐकली होती आणि थांबले नाही.

ते म्हणाले, माहीत आहे. राजशेखरची वाट त्यांनी पाहिलीच नव्हती. पण मी मागं वळून बघितलेलं त्यांना दिसलं होतं, म्हणून त्यांना वाटलं की ताई येतील. दुधाची गाडी आली तरी टपरीवालीला म्हणाले, जरा थांब, आमचं माणूस येतंय. तिनं अर्धा तास गाडी थांबवून धरली.

मला रडू आलं. त्यांनी समजूत घातली नाही. काही हरकत नाही, असंही म्हणाले नाहीत. मी माफी मागितली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले.

निघताना चाची दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, गुरुवारी यांना दवाखान्यात न्यायचंय, माझे गुडघे चालत नाहीत. नंबर लागायला दुपार होते, तोवर थांबावं लागतं; थांबाल का? थांबते म्हणाले. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

शाळेत उद्याची, गुरुवारची रजा टाकून आलेय. आठला त्यांच्या दारात उभी राहीन.

तुझी,
श्रीदेवी