ताईसाठी दुसरा कीबोर्ड

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही जवळजवळ गेला. बाबा आता काठीशिवाय चालतात का?

गेम खेळायला कॉम्प्युटर जोडतोय. चांगल्या ग्राफिक्स कार्डापायी बाकी सगळीकडे हात आखडता घेतला. कॅबिनेट तर जुनंच उचललं. दुकानदार म्हणाला, "कीबोर्ड एकच ना?" मला आपला लहानपणीचा एकुलता एक कीबोर्ड आठवला, दोघं त्याच्यावरच खेळायचो. तू बाणांवर, मी अक्षरांवर. हरायला लागलीस की खुशाल माझा हात ढकलायचीस.

मेमरी निम्मी केली आणि कीबोर्ड दोन घेतले. दुसरा सोबत पाठवतोय, घरच्या कॉम्प्युटरला जोड. बाबांच्या आजारपणात तू खेळणंच सोडलंस. रविवारी दुपारी ते झोपले की ऑनलाइन ये. इथे माणसं चांगली आहेत, पण हक्कानं भांडावं असं कुणी नाही.

तुझाच,
धाकटा